उजवा-डावा मेंदू ‘जोडण्याचे’ व्यायाम करावेत का?

प्रश्न: मुलगा ३ वर्षांचा आहे. बोलत नाही, हाकेला ओ देत नाही. एमआरआयमध्ये ‘कॉर्पस कॅलोसम पातळ’ असं आलंय. एका क्लासचं म्हणणं, उजवा-डावा मेंदू जोडण्याचे व्यायाम केले की स्वमग्नता (ऑटिझम) जाईल. पैसे भरू का? – एक आई, नाशिक

उत्तर: भरू नका. कॉर्पस कॅलोसम म्हणजे मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा, सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा. उजवं कोपर डाव्या गुडघ्याला लावण्यासारख्या अशा व्यायामांनी तो जाड होतो, याला पुरावा नाही. तो विशीपर्यंत आपसूक भरत जातो. म्हणून रेडिओलॉजिस्टना विचारा: माप वयाशी ताडून पाहिलं का? पट्टा अख्खा आहे, की एखादा भाग घडलेलाच नाही? मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेही सांगा. त्यातही पट्टा बारीक राहू शकतो.

स्वमग्नतेशी या पट्ट्याचं नातं आहे, पण सरळ नाही. जन्मतः पट्टाच नसलेल्या प्रौढांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात स्वमग्नतेची लक्षणं दिसली, बाकीच्यांत नाही. पुढे स्वमग्नतेचं निदान झालेल्या बाळांचा पट्टा ६व्या महिन्यात उलट जाडच होता, असं २०१५च्या एका अभ्यासात आढळलं. दोन वर्षांपर्यंत तो फरक ओसरला. आणि फिट्स थांबवण्यासाठी ज्यांचा पट्टा कापला, ते मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींनी तपासलेले रुग्ण काही त्यामुळे स्वमग्न झाले नाहीत. तेव्हा निदान फिल्मवरून नव्हे, मुलाच्या वागण्यावरूनच होतं.

आधी कानांची बेरा टेस्ट (ऐकू येतं का याची तपासणी) करून घ्या. ऐकूच येत नसेल तर बाकी सगळा अंदाज चुकतो. मग विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ गाठा. जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या) केंद्रात तपासणी आणि थेरपीची सोय असते. निदानाची वाट न पाहता स्पीच थेरपी सुरू करा.

घरी एवढं करा. आवडतं बिस्किट पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणी त्याच्यासमोर धरा, ५ सेकंद गप्प राहा. त्याने बरणी तुमच्या हातात ढकलली, नुसतं तुमच्याकडे पाहिलं, तरी ‘उघड’ म्हणा आणि लगेच उघडा. छोटाच तुकडा द्या, म्हणजे तो पुन्हा मागेल. ‘आधी बोल, मग देते’ म्हणून अडवू नका. मूल चिडतं आणि मागणंच सोडतं. जेवणाआधी, भूक असताना, ८-१० वेळा पुरे.

फिट आली किंवा येत असलेले शब्द गळू लागले, तर थांबू नका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा.