त्याची गाडी विकून टाकू का?

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं हा प्रश्न विचारला. हातात पोलिसांच्या दंडाच्या दोन पावत्या, घामानं मऊ पडलेल्या. पिशवीत मोटरसायकलची कागदपत्रं. "पुआन, गाडी माझ्याच नावावर आहे. तुम्ही आज म्हणालात तर आज विकते."

पुआन म्हणजे बाई, मॅडम. ती वयानं माझ्याएवढीच, म्हणून मी तिला 'काक' म्हणाले, म्हणजे ताई. पाणी दिलं. ते तिनं तसंच हातात धरून ठेवलं.

फेब्रुवारी २०१७ ची ही गोष्ट, क्वालालंपूरची. लग्न होऊन मी इथं आले त्याला बरीच वर्षं झाली. इथल्या समुपदेशक कायद्याखाली माझी नोंदणी आहे आणि मलय, तमिळ, चिनी अशा सगळ्या घरांतली माणसं माझ्याकडे येतात. अलीकडे इथल्या दोन मराठी आयांनीही मला हाच प्रश्न विचारला, 'मुलगा रात्री-अपरात्री बाइक घेऊन जातो, काढूनच घेऊ का?' म्हणून हा जुना अनुभव लिहायला घेतला. त्या घरची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलाला आयमान म्हणू.

काक आली त्याच्या आठवडाभर आधी, १८ फेब्रुवारीला पहाटे तीनच्या सुमारास, जोहोर बारूच्या रस्त्यावर एका मोटारीची धडक बसून आठ पोरं गेली होती. सगळी १३ ते १६ वर्षांची, सगळी सायकलवर. 'बासिकाल लाजाक' म्हणतात त्या सायकलींना. छोटी सायकल घ्यायची, सीट खाली उतरवायची, ब्रेक काढून टाकायचे आणि उतारावर पोटावर आडवं होऊन सुसाट सोडायची. काकचा धाकटा बारा वर्षांचा. त्याच्याकडे तशीच सायकल होती. ती तिनं गॅलरीत साखळीनं बांधून टाकली होती. थोरला आयमान सतरा वर्षांचा, त्याच्याकडे यामाहाची एलसी १३५. त्याला साखळीनं कसं बांधणार?

"पुआन, खरं सांगा, माझा मुलगा रेम्पित झाला का?"

हा शब्द मलेशियात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. 'मात रेम्पित'. मात म्हणजे पोरगा, गडी. शनिवारी रात्री उशिरा, रस्ते रिकामे झाले की ही पोरं आपल्या 'कापचाय' घेऊन टोळक्यानं निघतात. कापचाय म्हणजे इथली हलकी, स्वस्त गाडी, ज्यावर हे अख्खं शहर कामाला जातं. तिचाच सायलेन्सर बदलायचा, आरसे काढायचे, नंबरप्लेट वाकवायची आणि रेस लावायची. मोटारींच्या मधून कट मारत जाणं म्हणजे 'चिलोक'. सीटवर पालथं झोपून पाय मागे ताणून गाडी पळवणं म्हणजे 'सुपरमॅन'. पैज लागते, मारामाऱ्या होतात, काही टोळक्यांतली पोरं पर्स खेचण्यापर्यंत जातात. पोलिसांनी त्यांचं नावच 'सामसेंग जालानान' ठेवलंय, रस्त्यावरचे गुंड. या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त मोटरसायकलवाले असतात. तेव्हा काकची भीती उगाच नव्हती, आणि तिला 'होतं सगळं ठीक' असं मी म्हणालेही नाही.

आमच्या मराठी मंडळींत कोजागरीला वगैरे हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मलय पोरं असलीच." मला ते ऐकवत नाही. या टोळक्यांत बहुतेक पोरं मलय असतात हे खरं आहे, पण ती कुठून आली हेही बघायला हवं. १९७१ नंतरच्या नव्या आर्थिक धोरणानं मलय माणूस मोठ्या संख्येनं गावाकडून शहरात आला. भातशेतीच्या, रबराच्या गावातून कारखान्यात, तिथून सरकारी फ्लॅटमध्ये. गावाकडे पोरगं संध्याकाळी दिसलं नाही तर दहा घरांतून हाक जायची. सतराव्या मजल्यावर शेजारच्या घराचं दार बंद असतं.

काकचं घर मी नंतर पाहिलं. साधारण सातशे चौरस फुटांत तीन खोल्या आणि माणसं सात. आजी, आईबाप, चार मुलं. रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत गाद्या पडल्या की आयमानला पाय ठेवायला जागा नाही. मग तो खाली जातो. खाली पार्किंगमध्ये दिवा आहे, मित्र आहेत, गाडी आहे. मुलगा घराबाहेर का असतो याचं निम्मं उत्तर मला त्या गाद्या बघून मिळालं.

आयमान पहिल्यांदा आला तो आईनं ओढून आणला म्हणून. नखांत काळं तेल, अंगठ्याला चिकटपट्टी. तिथं माझी चूक झाली. जोहोरची बातमी माझ्याही डोक्यात ताजी होती. मी त्याला आकडे सांगितले, कायदा सांगितला, आणि शेवटी एका कागदावर 'मी रात्री रेस लावणार नाही' असं लिहून सही घेतली. त्यानं अगदी नम्रपणे सही केली. आणि पुढचे पाच आठवडे तो आला नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतरही मी त्याच्याशी आईच्या घाबरेपणातून बोलले होते, त्याचं काहीच ऐकलं नव्हतं. याची मला आजही हळहळ वाटते.

मधल्या काळात काकचा फोन आला, विकू का? मी नको म्हणाले. कारण मला दुसरं एक घर आठवत होतं. तिथं बापानं गाडी विकली, तर मुलगा मित्राच्या मागे बसून जायला लागला, हेल्मेटशिवाय, आणि घरी खोटं सांगून. गाडी गेली, शनिवार तसाच राहिला. मी काकला एवढंच म्हणाले, "घरात त्याला रेम्पित म्हणणं बंद करा. आजीलाही सांगा. रागाच्या भरातसुद्धा नको." पोरगं काय करतंय त्याला नाव ठेवावं, टोकावं, ओरडावंसुद्धा. पण पोराचंच नाव तसं पडलं की त्याला मागे यायला वाट राहत नाही. शाळेनं ते आधीच केलं होतं. तो सगळ्यांत मागच्या तुकडीतला, एसपीएमच्या, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेआधीच गळालेला.

मग मीच गेले. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या फ्लॅटखालच्या पार्किंगमध्ये, काकनं दिलेल्या नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या, पुड्या घेऊन. आयमान उकिडवा बसून एका मित्राच्या गाडीचा कार्ब्युरेटर साफ करत होता. मी काहीच विचारलं नाही, बाजूच्या कट्ट्यावर बसले. त्यानं एक बारीकसा पितळी जेट उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून त्याच्या भोकातून आरपार बघितलं, फुंकर मारली, पुन्हा बघितलं. चार वेळा. इतक्या सावकाश, इतक्या निगुतीनं काम करणारं पोर मी माझ्या खोलीत बघितलं नव्हतं. काम झाल्यावर त्यानं हात पुसले, पुडी घेतली आणि स्वतःहून बोलायला लागला.

"शाळेत दोन वर्षं सरांना माझं नाव माहीत नव्हतं, पुआन. शनिवारी चाळीस पोरं माझ्या गाडीचं फायरिंग लांबून ओळखतात."

आईही ओळखते, मी म्हणाले. काकनंच मला सांगितलं होतं. ती रात्री पडून राहायची, झोपायची नाही. हायवेच्या वळणावर त्याच्या गाडीचा आवाज आला की सतराव्या मजल्यावर तिला कळायचं, आणि मग तिचा डोळा लागायचा. आयमानला हे ठाऊक नव्हतं. तो काही बोलला नाही. पुडीतला भात चिवडत बसला.

सर्किटवर जायचा सल्ला त्याला सगळ्यांनी दिला होता. १९९४ पासून मलेशियात कब प्रिक्स चालू आहे, कापचायच्याच शर्यती, रीतसर. त्यातून वर येऊन इथली पोरं जागतिक शर्यतींत गेली आहेत. त्याच वर्षी सरकारनं 'राकान मुदा' नावाचा तरुणांसाठीचा कार्यक्रमही काढला होता, नुसतं उनाडत बसणाऱ्या पोरांना कामाला लावायला. नंतर काही राजकीय मंडळींनी रेम्पित हे नाव बदलून 'मात चमरलांग', म्हणजे तेजस्वी पोरं, असं करून पाहिलं. ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. आयमानला मी सर्किटचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिथं पैसे भरावे लागतात. आणि तिथं मला बघायला कोण येणार?"

त्याला मी तिथंच विचारलं, "धाकट्याला सायकलवर पालथं झोपायला कुणी शिकवलं?"

बराच वेळ गेला. शिकवलं कुणीच नव्हतं. धाकट्यानं थोरल्याच्या फोनमधला व्हिडिओ बघितला होता. सुपरमॅनचा, आयमानचाच.

त्याच आठवड्यात काकनं गॅलरीतली साखळी काढली. आयमाननं सायकल खाली नेली आणि तिला ब्रेक बसवले. पुढचे, मागचे, नवीन वायर, नवीन रबर. धाकटा रडत होता, कारण ब्रेक असलेल्या सायकलला मित्र हसतात. आयमान त्याला म्हणाला, "ब्रेक लावता येणारा तो खरा रायडर." सतरा वर्षांच्या मुलाला हे स्वतःच्या तोंडून ऐकावं लागलं. मी दहा वेळा सांगून जे झालं नसतं, ते तिथं झालं असं मला वाटतं.

पण म्हणून तो शनिवारी घरी बसला असं नाही. जूनमध्ये त्यांच्यातला एकजण सुपरमॅन करताना पडला. मांडीचं हाड मोडलं. काकनं मला हॉस्पिटलमध्ये बोलावलं. कॉरिडॉरमध्ये वीस-पंचवीस पोरं भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. त्या मुलाची आई गावाकडून निघाली होती, तिच्या येण्याजाण्याच्या खर्चासाठी एक हेल्मेट उलटं करून फिरवत होते. नोटा कमी, नाणी जास्त. पहाटेच्या नमाजाला दोघं-तिघं उठून गेले आणि परत येऊन जागेवर बसले. चार रात्री त्यांनी पाळ्या लावल्या. ही माया खरी होती. आणि याच पोरांनी त्याला 'अजून जोरात' म्हणून ओरडून चढवलंही होतं. दोन्ही गोष्टी मी आयमानपुढे ठेवल्या, एकीनं दुसरी झाकली नाही. त्याच्या गाडीचं नवं कव्हरसेट इतक्या स्वस्तात कुठून आलं, हेही त्या रात्री विचारलं. त्यानं ते नंतर काढून टाकलं. पुढं त्याचं काय केलं ते मला सांगितलं नाही आणि मी खोदलं नाही.

त्या कॉरिडॉरमध्ये दोन मुलीही होत्या, सोळा-सतराच्या. त्यांच्यासाठी इथं जे शब्द वापरतात ते मला लिहवत नाहीत. पोरांना निदान 'मार्गावर आणायच्या' योजना निघतात, मुलींच्या वाट्याला नुसती बदनामी येते. त्यातली एक पुढे माझ्याकडे आली. तिची हकिकत वेगळी आहे, पुन्हा कधीतरी सांगेन.

आयमानचा बाप एक्स्प्रेस बसवर ड्रायव्हर, क्वालालंपूर ते केलांतान. आठवड्यातून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपेत. पट्ट्यानं मारून झालं होतं. मी त्याला एकदाच भेटले. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "तरुणपणी मीही जायचो. तेव्हा आम्हाला मात मोतोर म्हणायचे." हे त्यानं मुलाला कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, सांगा. कसे पडलात तेही सांगा. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत जुना व्रण होता. मुलाला तो बसच्या अपघाताचा म्हणून सांगितला होता.

आईबापांना मी उपाय म्हणून काय सांगितलं? गाडी राहू दे, पण ब्रेक, दिवा, आरसे आणि कंपनीचा सायलेन्सर असेल तरच पेट्रोलला पैसे. कुठं जातोस यापेक्षा किती वाजता येणार हे विचारा, आणि आल्यावर प्रवचन नको, जेवण द्या. आणि दिवसा त्याची कुणाला तरी गरज पडू दे. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. गियात्मारा या सरकारी प्रशिक्षण केंद्रात मोटरसायकल दुरुस्तीचा कोर्स असतो. तिथं मार्कांपेक्षा हात बघतात. आयमानला फॉर्म मी भरून दिला नाही, त्यानंच भरला. तीन ठिकाणी खाडाखोड होती.

सगळ्या घरांत असं होत नाही. त्या वीस-पंचवीसांतला एक पुढच्या वर्षी फेडरल हायवेवर अपघातात गेला. दफनाहून आल्यावर आयमान माझ्याकडे तासभर बसला, एक शब्दही न बोलता.

मागच्या दिवाळीत काक लाडू न्यायला आली होती. आयमान आता एका वर्कशॉपमध्ये आहे, मालक त्याला सगळ्यांत किचकट इंजिनं देतो. मी विचारलं, "आता तरी झोप लागते का?"

"आवाजच येत नाही ना, पुआन," ती म्हणाली. "कंपनीचा सायलेन्सर. कधी आला कळतच नाही. म्हणून तो खालून मिस्ड कॉल देतो. मग मी उठून भात गरम करते."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी मिस्ड कॉल जरा उशिरा येतो."