'वासि', 'बासा' आणि आपलं 'म्हणे'

प्रश्न असा आला आहे: क्वेचुआ भाषेत घराला 'वासि' म्हणतात. भोजपुरीत राहण्याच्या जागेला 'बासा', आपल्याकडे 'निवास', 'रहिवासी'. मग दक्षिण अमेरिकेतली क्वेचुआ आणि बिहार-उत्तर प्रदेशातली भोजपुरी यांचं मूळ एकच असेल का?

नाही. 'वासि' हा निव्वळ योगायोग आहे. तसं का म्हणायचं, ते मात्र नीट सांगायला हवं.

दोन भाषांचं नातं एका शब्दावरून ठरत नाही, ते उच्चारांच्या नेमातून दिसतं. मराठी आणि भोजपुरी शेजारी ठेवा. वाघ–बाघ, वीस–बीस, वाट–बाट. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला 'व', तिथे 'ब', आणि हे पुन्हा पुन्हा घडतं. क्रियापदांत पाहा: आपलं 'गेला', त्यांचं 'गइल'. हिंदीत मात्र 'गया'. भूतकाळाचा हा 'ल' मराठी आणि भोजपुरी दोघींकडे आहे, मधल्या हिंदीकडे नाही. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा घरातली हरवलेली वस्तू सापडल्यासारखा आनंद झाला होता.

आता क्वेचुआ घ्या. एक ते पाच: हुक, इस्काय, किन्सा, तावा, पिस्का. भोजपुरीत एक, दू, तीन, चार, पाँच. वीस म्हणायला क्वेचुआत 'इस्काय चुंका', म्हणजे दोन दहा. इथे कुठलाच नेम हाती लागत नाही. 'वासि'सारखे एकटेदुकटे शब्द जुळतात, कारण तोंडातून निघणारे सोपे ध्वनी मोजकेच असतात. शाळेच्या भूगोलातला 'पंपास' हा गवताळ प्रदेश आठवतो ना? त्यातला 'पंपा' क्वेचुआ आहे, अर्थ सपाट मैदान. रामायणातलं पंपा सरोवर वेगळं. त्या दोघांचाही एकमेकांशी संबंध नाही.

अशा साम्याने भलेभले फसले आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे 1786 मध्ये कोलकात्यात मांडणारे विल्यम जोन्स, त्यांनीच त्याच भाषणात पेरूमधल्या इंका लोकांच्या मोठ्या सणाचं नाव 'रामसितवा' असं देऊन राम-सीतेशी धागा जोडला होता. क्वेचुआत 'राय्मी' म्हणजे सण आणि 'सितुवा' हा इंकांचा शुद्धीकरणाचा उत्सव. हे दोन शब्द माहीत असले की राम आणि सीता तिथून आपोआप बाजूला होतात.

नातं नाही म्हणून तुलना निरर्थक ठरते, असं मात्र मला अजिबात वाटत नाही. माझ्या मते खरी गंमत पुढेच आहे: बोलणाऱ्याला काय सांगणं भाग पडतं?

भोजपुरीत, समोरच्याला मी किती मान देतो हे. माझी एक सहकारी बिहारमधल्या आऱ्याची. डबा खाताना ती फोनवर बोलते तेव्हा पलीकडे कोण आहे हे मला क्रियापदावरून कळतं. सासऱ्यांना 'रउआ खइलीं?', बरोबरीच्याला 'तू खइलऽ?', धाकट्या भावाला 'तें खइले?'. प्रश्न एकच, जेवलात का. पण क्रियापद दर वेळी निराळं, आणि मानाची पायरी निवडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

क्वेचुआत वाक्य बोलताना आणखी एक गोष्ट सांगायची असते: हे तुला कसं कळलं? पेरूतल्या कुस्कोकडच्या बोलीत 'पराशन' म्हणजे पाऊस पडतोय. स्वतः पाहून सांगत असाल तर 'पराशनमि'. कुणाकडून ऐकलं असेल तर 'पराशनसि'. अंदाज असेल तर 'पराशनचा'. शेवटच्या एका अक्षरात साक्ष, ऐकीव की तर्क, हे येतं. लोककथा 'हुक कुतिस' अशी सुरू होते, म्हणजे 'एकदा, असं सांगतात'. त्यातला शेवटचा 'स' हा तोच ऐकीवपणाचा प्रत्यय आहे. स्वरानंतर आला की त्याचा 'इ' गळतो.

हे वाचून मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. 'त्याची बदली झाली' आणि 'त्याची बदली झाली म्हणे' यांत नेमका हाच फरक आहे. 'म्हणे' मुळात 'म्हणणे'चं रूप, पण इथे कोण म्हणतं ते विचारायचं नसतं. मी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, एवढंच ते सांगतं. फरक इतकाच की आपलं 'म्हणे' ऐच्छिक आहे, आणि त्यात संशयही मिसळतो: 'हा म्हणे गाणार!' क्वेचुआतला '-सि' एरवी असा शेरा मारत नाही, फक्त ऐकीव आहे एवढं नोंदवतो.

भूगोलातही एक जोड आहे, ती खरी आहे. 1873 मध्ये 'लल्ला रूख' हे जहाज भारतातून गिरमिटिया मजूर घेऊन सुरिनामला पोहोचलं. त्यांच्या भोजपुरी-अवधीतून तिथे 'सरनामी' ही भाषा घडली आणि ती आजही बोलली जाते. म्हणजे अँडीज पर्वतातली क्वेचुआ आणि भोजपुरीची ही लेक एकाच खंडात नांदतात.

आणि ज्या शब्दावरून प्रश्न आला त्या 'वासि'कडेच पुन्हा पाहा. 'वासिय्' म्हणजे माझं घर. पुढे अनेकवचनात दोन वाटा फुटतात: 'वासिंचिस' म्हणजे आपलं घर, ऐकणाऱ्याला धरून. 'वासिय्कु' म्हणजे आमचं घर, त्याला वगळून. हिंदीतल्या 'हमारा घर'मध्ये हा भेद मावत नाही. मराठीत तो आहे, आणि द्राविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. भावंडांशी बोलताना आपण 'आपलं घर' म्हणतो, पाहुण्याला पत्ता सांगताना 'आमचं घर'. कुस्कोतला माणूसही तेच करतो: आधी 'वासिंचिस', मग 'वासिय्कु'.