मधुमेही वडिलांच्या तळपायाचा घट्टा दुखत नाही, तरी इतक्या तपासण्या कशासाठी?

आपण लिहिले आहे की वडिलांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे, दिंडोरीजवळ द्राक्षबाग असल्याने ते दिवसभर पायांवर असतात, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला घट्टा आला असून त्यात काळपट ठिपका दिसतो, पण तो मुळीच दुखत नाही. घोट्याला पट्टा बांधून केलेल्या तपासणीत १.४५ हा आकडा आल्याने रक्तपुरवठा उत्तम आहे, असे आपल्याला सांगण्यात आले. आता नुसता एक्स-रे काढून भागेल का, आणि श्रावणात त्यांनी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करावी का, हे आपले प्रश्न आहेत. मी नाशिकमध्ये मधुमेही रुग्णांचे पाय तपासतो. पाय हातात घेतल्याशिवाय निदान करता येत नाही. त्यामुळे कोणत्या तपासणीतून काय कळते आणि कुठे फसगत होते, एवढेच येथे सांगतो. मात्र हा पाय याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

दुखत नाही, हे आपण दिलासा म्हणून लिहिले आहे. मला काळजी त्याचीच वाटते. हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब पडला की तिथली कातडी जाड होते. नसा शाबूत असतील तर तो घट्टा टोचू लागतो आणि माणूस नकळत पाऊल थोडे वेगळे टाकून त्या जागेला विसावा देतो. नसा बधिर झाल्या की ही सूचना पोहोचतच नाही, पाऊल तसेच पडत राहते, आणि तोच घट्टा बुटातल्या खड्यासारखा आतल्या मांसाला चेचत राहतो. काळपट ठिपका म्हणजे पुष्कळदा तिथे साकळलेले रक्त असते, आणि वरचा जाड थर काढल्यावर खाली जखम सापडते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले होते, की हातापायांची हानी मोठ्या प्रमाणावर वेदना न कळल्यामुळे होते. मधुमेही पायाच्या उपचारात आज तेच ज्ञान उपयोगी पडते.

बधिरपणा मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. मोनोफिलामेंट नावाची नायलॉनची तार त्वचेवर टेकवून ती वाकेपर्यंत दाबली की १० ग्रॅमचा भार पडतो. ती आधी हातावर टेकवून स्पर्श कसा असतो हे रुग्णाला कळू द्यायचे, मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याच्या ठरावीक जागांवर टेकवायची, घट्ट्यावर मात्र नाही, कारण जाड कातडीवर निरोगी माणसालाही ती जाणवणार नाही. मध्येच तार न टेकवताही “कळते का?” असे विचारायचे असते. सुरुवातीच्या काळात मी एका वयस्कर गृहस्थांना डोळे मिटायला सांगायचे विसरलो होतो. माझा हात पाहून ते प्रत्येक वेळी “हो” म्हणत गेले. डोळे मिटवून पुन्हा तपासले तेव्हा एकाही जागेचा स्पर्श त्यांना कळला नाही. आपल्या वडिलांची तपासणी डोळे मिटवून झाली होती का, हे त्यांना जरूर विचारा. याच्या जोडीला शाळेत पाहिलेल्या नादकाट्यासारखाच १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपन जाणवते का, तेही पाहतात.

आता १.४५ या आकड्याविषयी. घोट्यापाशी मोजलेला रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, असे हे गुणोत्तर आहे. ते ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे समजतात. परंतु १.४ च्या वर गेलेला आकडा उत्तम नसतो. दीर्घकाळच्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा खोटा चढतो. आत अडथळा असला तरी तो झाकला जातो. पायाच्या बोटांतल्या रोहिण्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो आणि डॉपलरवर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्रावर, प्रवाहाचा आलेख पाहावा लागतो. ही तपासणी टाळू नका. खालच्या जखमेला भरून येण्याइतके रक्त मिळते की नाही, हे तीच सांगेल.

एक्स-रे काढायला हवाच, पण त्यावर विसंबू नका. हाडाला जंतुसंसर्ग झाला तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. जखम खोल असेल तर डॉक्टर निर्जंतुक सळई आत घालून ती हाडाला टेकते का पाहतात. पाय एकाएकी सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला किंवा त्यातून पू आला, ताप भरला, तर आठवडाही थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तोवर घट्टा ब्लेडने कापू नये आणि कुरूपावर लावायच्या औषधी पट्ट्याही चिकटवू नयेत. त्यांतले आम्ल बधिर पायाची कातडी जाळते. ब्रह्मगिरीची फेरी सुमारे २० किलोमीटरची, पावसात आणि दगडगोट्यांतून होणारी आहे. वडिलांची श्रद्धा मी समजू शकतो, तरीही यंदा ती अनवाणीच काय, पादत्राणे घालूनही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी त्र्यंबकेश्वरला वाहनाने जाऊन दर्शन घ्यावे.

तपासणीला जाताना ते बागेत घालतात तो गमबूटही बरोबर न्या. निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या तळव्याची जखम का भरत नाही, हे मला त्यांचा बूट उलटा करून झटकेपर्यंत कळले नव्हते. त्यातून एक चिंचोका पडला, आणि तो किती दिवस आत होता हे त्यांना सांगता आले नाही.