विमानाचे दिवे कुणासाठी?

रात्री कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून दिसतं. बराच वेळ एकच झगझगीत ठिपका जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो. एवढा प्रखर दिवा पायलटला पुढचं दिसावं म्हणून असतो का?
*– एक वाचक, कागल*

आकाशात पुढचं दिसण्यासाठी नाही. मोठं जेट उंचावर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगानं जातं, म्हणजे सेकंदाला २५० मीटर. झोतात काही आलं तरी वळायला वेळच उरणार नाही. त्यामुळे उंचावर हे लँडिंग लाइट बंद असतात. साधारण १०,००० फुटांच्या खाली ते लावतात आणि दिवसाही लावतात, कारण विमानतळाभोवती विमानांची ये-जा वाढते, पक्षीही असतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट भर उन्हातही चालू असतो, तोच हेतू इथं आहे : इतरांना आपण दिसावं. धावपट्टी अगदी जवळ आली की मात्र हेच दिवे पायलटला जमीन दाखवतात.

ठिपका थांबलेला वाटतो, कारण विमान तुमच्याच रोखानं येत असतं. ही गोष्ट वैमानिकांच्या दृष्टीनं फार गंभीर आहे. समोरच्या काचेत दुसरं विमान एकाच जागी राहून मोठं होत असेल, तर दोघांची टक्कर ठरलेली. आणि आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो, स्थिर वस्तू नाही.

मग लुकलुकणारे दिवे त्यासाठीच का?
*– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी*

अगदी बरोबर. न हलणारा ठिपका नजरेतून निसटतो, चमक निसटत नाही. पंखांच्या टोकांना झपकन चमकणारे पांढरे दिवे म्हणजे स्ट्रोब असतात, तर विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे बीकन. हा बीकन इंजिन सुरू करण्याआधीच लावतात, म्हणजे जमिनीवरच्या कामगारांना लांब राहायची सूचना मिळते. दाट ढगात स्ट्रोबचा उजेड परत डोळ्यांवर येतो, तेव्हा पायलट ते बंद करू शकतात.

एक दिवा लाल, एक हिरवा, असं का?
*– एक वाचक, गडहिंग्लज*

विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा. ही पद्धत जहाजांकडून आली. तुम्हाला नुसता लाल दिसला, तर विमान तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललंय. लाल उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसला, तर ते तुमच्याकडे येतंय. फक्त पांढरा म्हणजे दूर जातंय.

यातली खरी खुबी पुढे आहे. दोन विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या बाजूला दुसरं विमान आहे त्यानं वाट द्यायची, असा नियम आहे. अशा वेळी त्याला समोरच्याचा लाल दिवाच दिसतो, आणि समोरच्याला त्याचा हिरवा. कुणी थांबायचं, कुणी जायचं, हे न बोलता ठरतं. मला हा नियम फार सुंदर वाटतो.

विमानाला स्वतःचे एवढे दिवे असताना कोल्हापुरात पूर्वी रात्री विमान का उतरत नव्हतं?
*– एक वाचक, उचगाव*

कारण रात्री उतरायला जमिनीवरचे दिवे लागतात. धावपट्टीच्या कडांना पांढरे, सुरुवातीला हिरवे, शेवटी लाल. शिवाय कडेला चार दिव्यांची एक ओळ असते : दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर, चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. आसपासचे टॉवर आणि उंच इमारती यांवरही लाल दिवे हवेत. आपल्या विमानतळाची सुरुवात १९३९ सालची, पण रात्रीची ही सोय अलीकडेच झाली.

मिरवणुकीतल्या लेसरचा विमानाला खरंच त्रास होतो का?
*– एका तरुण मंडळाचा कार्यकर्ता*

होतो, आणि धोकादायक होतो. लेसरचा किरण अंतराबरोबर पसरतो, कॉकपिटच्या काचेवर पडला की सगळी काच उजळते. अंधाराला सरावलेले डोळे काही सेकंद दिपून जातात. एटीआरसारखं छोटं प्रवासी विमान उतरताना सेकंदाला ५०-६० मीटर पुढे सरकतं, आणि नेमक्या त्याच सेकंदांत पायलटला ती चार दिव्यांची ओळ पाहायची असते. तुम्ही विचारलंत याचं समाधान वाटलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि आकाशाकडे रोखलेला लेसर पूर्ण बंद ठेवा.