घर तेच ठेवायचं की बदलायचं?

प्रश्न: आमचं दोन बेडरूमचं घर आहे. 20 वर्षांच्या कर्जाची 12 वर्षं झाली. सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे आल्या आहेत. वॉकर घेऊन त्यांना बाथरूममध्ये जाता येत नाही, मुलीला अभ्यासाला जागा नाही, स्वयंपाकघरही जुनं झालंय. ह्यांचं म्हणणं, हे विकून मोठं घर घेऊ. मला वाटतं, आहे तेच नीट करून घ्यावं. ह्यांचं वय 46, माझं 44.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात बाथरूम, अभ्यासाची जागा आणि ओटा यांच्या तक्रारी आहेत. परिसर नकोसा झालाय, कामावर जायला लांब पडतं, असं कुठेच नाही. म्हणजे अडचण घराच्या आतली आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. त्यामुळे माझा कौल तुमच्या बाजूने.

पण ह्यांना पटवायचं तर आधी कर्जाचा हिशेब समोर ठेवा. व्याजदर 9 टक्के धरू. 20 वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचे सहा भाग केले तर पाच व्याजात जातात. 12 वर्षं भरूनही मुद्दलाचा सुमारे 61 टक्के भाग शिल्लक असतो, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. मात्र आज तुमच्या हप्त्यातला जवळपास अर्धा भाग मुद्दलात जातोय आणि इथून पुढे कर्ज भराभर उतरणार आहे. नेमक्या याच वेळी मोठं कर्ज घेतलं, तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल. ते 20 वर्षांचं असेल तर शेवटचा हप्ता भरताना ह्यांचं वय 66 असेल. तेव्हा पगार चालू असेल का, हे त्यांना शांतपणे विचारा.

शिवाय दलाली, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, सामान हलवणं, नवे पडदे नि कपाटं. यातला बहुतेक पैसा परत मिळत नाही. दोन्ही घरांच्या किमतींतल्या फरकात हा खर्च मिळवा, मगच तुलना खरी होईल.

नूतनीकरणही स्वस्त असतं असं नाही. जुन्या फरशा उकरल्या की खाली गंजलेला पाइप निघतो, भिंतीतली वायरिंग बदलावी लागते. म्हणून कंत्राटदाराच्या अंदाजावर 15 ते 20 टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा. ती नसेल तर कामाला हात घालू नका. दर कामवार लिहून घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा टप्पा नळ, उतार, गळती तपासल्यावरच. घर विकताना सगळा खर्च वसूल होईल, असं मात्र धरू नका.

सुरुवात बाथरूमपासून करा, त्यात चालढकल नको. म्हातारपणी पडून हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. दाराची मोकळी रुंदी 80 सेंटीमीटरच्या आसपास असू द्या, म्हणजे वॉकर सहज जाईल आणि पुढे व्हीलचेअर लागली तरी अडचण येणार नाही. उंबरा काढा, फरशी न घसरणारी घ्या आणि आधाराचा दांडा पक्क्या भिंतीत बसवा. मुलीला भिंतीला दुमडणारं टेबल आणि वर चांगला दिवा पुरेल. दोन खोल्यांमधली भिंत पाडायचा विचार असेल तर ती भार पेलणारी आहे का, हे आधी इंजिनिअरला विचारा. स्वयंपाकघर पुढच्या वर्षी केलं तरी चालेल.

पैसा कुठून? सहा महिन्यांचा घरखर्च आणि निवृत्तीची पुंजी यांना हात लावू नका. बाकीच्या बचतीतून बाथरूम होत असेल तर कर्ज नकोच. कमी पडलं तर बँकेला चालू गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, विचारा. वैयक्तिक कर्जापेक्षा त्याचा दर सहसा कमी असतो. पण मुदत पाच वर्षांच्या आत ठेवा.

एका बाबतीत ह्यांचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. तुमचा मजला वरचा आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, असं असेल तर सासूबाईंसाठी बाथरूम सुधारून भागणार नाही. पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही. तसं असेल तर मला जरूर कळवा, मग आपण विक्रीचा हिशेब नव्याने मांडू.