रंगकामाच्या आधी मालकी

कोथरूडमधील फ्लॅट विकण्यापूर्वी रंग, फरशी आणि ओटा यांवर ४ लाख खर्च केले, तर किंमत ९० लाखांवरून ९७ लाखांवर जाईल का, असे आपण विचारले आहे. बहुधा नाही. ओल काढा आणि भिंती रंगवा. ओटा नवा मालक तसाही फोडतो.

पत्रात पुढे आपण सहज लिहिले आहे, की हा फ्लॅट वडिलांनी २००५ मध्ये १८ लाखांना घेतला, २०१९ मध्ये मृत्युपत्र न करता ते गेले, नॉमिनी म्हणून सोसायटीने भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आपले नाव चढवले आणि आता आपण ‘एकमेव मालक’ या नात्याने २ लाख रुपये रोख विसार घेतला आहे. आई आपल्याजवळ आणि बहीण कॅनडात असते. चूक इथे आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळ करणारा असतो, मालक नव्हे. वडील गेले तेव्हा त्यांची आई हयात नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई, बहीण आणि आपण समान वाटेकरी आहात. म्हणजे ज्या ९० लाखांवर आपण निवृत्तीचे गणित मांडले आहे, त्यांतले आपले ३० लाखच आहेत. आई व बहीण स्वेच्छेने हक्क सोडणार असतील, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नसतील, तर विक्रीखतावर तिघांच्याही सह्या हव्यात आणि बहिणीला कुलमुखत्यारपत्र पाठवावे लागेल. ती अनिवासी असल्यास खरेदीदाराने तिच्या हिश्श्यातून कर कापणे बंधनकारक आहे, हे त्याला आत्ताच सांगा.

विसाराचे पैसे परत करून खरी मालकी लिहिलेली नवी पावती करा आणि रक्कम बँकेतूनच घ्या, कारण घरविक्रीत २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो.

पूर्ण फ्लॅटवरचा नफा (९० वजा १८) ७२ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर ९ लाख. महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून धरली, तर २० टक्क्यांनी तो साडेसहा लाखांच्या आसपास येतो, पण हा पर्याय निवासींनाच आहे. आपल्या तृतीयांशावर साधारण सव्वादोन लाख धरा.

एवढा कर वाचवण्यासाठी बँकेतील प्रतिनिधीने एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी सुचवली, हे वाचून मला राग आला. घरविक्रीच्या नफ्यावरील कर विमा घेऊन वाचत नाही. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घ्यावे लागते किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षे अडकवावी लागते. ही सवलत कोणत्या कलमाखाली मिळते, ते त्या गृहस्थांना बँकेच्या शिक्क्यासह लेखी द्यायला सांगा. तो कागद आपल्या हाती येणार नाही.