वाचकांचे प्रश्न : नॅप लॅजवे आणि १९१० सालचा किताब

प्रश्न : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन बेसबॉलविषयी वाचताना नॅप लॅजवे हे नाव वारंवार आढळते. क्लीव्हलँडच्या संघाला त्याच्यावरून नाव पडले होते, हे खरे आहे का? १९१० साली मोटारगाडीच्या बक्षिसासाठी त्याने लबाडी केली, असेही वाचनात आले. तसे असेल तर त्याची थोरवी कितपत मानावी?

उत्तर : संघाच्या नावाची गोष्ट अगदी खरी आहे. १९०३ ते १९१४ या काळात क्लीव्हलँडचा संघ ‘नॅप्स’ या नावानेच ओळखला जात होता. लबाडीच्या आरोपाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येणार नाही, आणि त्यासाठी त्याची कारकीर्द सुरुवातीपासून पाहावी लागेल.

लॅजवेचा जन्म १८७४ साली ऱ्होड आयलंडमधील वूनसॉकेट या गिरण्यांच्या गावी, कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक कुटुंबात झाला. १८९६मध्ये तो फिलाडेल्फियाच्या फिलीज संघात दाखल झाला आणि दोन वर्षांत दुसऱ्या बेसवरचा (मैदानातील चार ठाण्यांपैकी दुसऱ्या ठाण्यावरचा) क्षेत्ररक्षक म्हणून स्थिरावला. अंगाने धिप्पाड असूनही त्याचे क्षेत्ररक्षण इतके सहज असे की त्या डौलाचा उल्लेख समकालीनांनी पुनःपुन्हा केला आहे. त्या काळी फिलीज ज्या स्पर्धेत खेळत त्या नॅशनल लीगने खेळाडूच्या वार्षिक वेतनावर २,४०० डॉलरची मर्यादा घातली होती आणि करारातील राखीव कलमामुळे खेळाडूला क्लब बदलण्याची मुभा नव्हती. १९०१ साली अमेरिकन लीगने स्वतःला बरोबरीची मोठी लीग म्हणून जाहीर केले, तेव्हा लॅजवे त्याच शहरातील कॉनी मॅक यांच्या अ‍ॅथलेटिक्स संघात गेला. त्या मोसमात त्याची सरासरी ०.४२६ होती, म्हणजे दर हजार संधींमागे ४२६ हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणे). नॅशनल आणि अमेरिकन लीगमध्ये विसाव्या शतकात ही सरासरी पुढे कोणालाही ओलांडता आली नाही. मात्र अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी फाउल (रेषेबाहेर टोलवलेले) चेंडू स्ट्राइक म्हणून, म्हणजे फलंदाजाच्या हुकलेल्या संधी म्हणून, मोजले जात नव्हते. तो नियम तेथे १९०३ साली आला. त्यामुळे हा आकडा पुढच्या आकड्यांच्या शेजारी ठेवताना थोडा हात राखूनच ठेवला पाहिजे.

फिलीजने न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली, पण एप्रिल १९०२मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अशा कसबी खेळाडूची जागा सहजासहजी भरून काढता येत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या क्लबसाठी खेळण्यास मनाई करणे योग्यच आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. क्लबला दहा दिवसांच्या सूचनेवर खेळाडूला काढता यावे आणि खेळाडूला मात्र सोडता येऊ नये, ही एकतर्फी अटही न्यायालयाला आक्षेपार्ह वाटली नाही. मला मात्र ती आजही खटकते. मनाईहुकूम पेनसिल्व्हेनियापुरताच असल्याने लॅजवेला क्लीव्हलँडला धाडण्यात आले, आणि दोन्ही लीगमध्ये समेट होईपर्यंत संघ फिलाडेल्फियाला खेळायला गेला की तो त्या राज्याबाहेर थांबत असे.

क्लीव्हलँडला तो १९०५ ते १९०९ या काळात खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळत होता. १९०८ साली त्याच्या संघाने ९० सामने जिंकले आणि ६४ गमावले. डेट्रॉइटने ९० जिंकले आणि ६३ गमावले. डेट्रॉइटचा पावसाने वाहून गेलेला एक सामना पुन्हा खेळवलाच गेला नाही आणि अजिंक्यपद अर्ध्या सामन्याच्या फरकाने हुकले. लॅजवेला वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका, कधीच खेळता आली नाही, याची सल त्याच्या चाहत्यांना अधिक असावी.

आता १९१०. चाल्मर्स कंपनीने सर्वोत्तम सरासरीच्या फलंदाजाला मोटारगाडी जाहीर केली होती. डेट्रॉइटचा टाय कॉब पुढे होता आणि आघाडी टिकावी म्हणून त्याने अखेरचे दोन सामने खेळणे टाळले. ९ ऑक्टोबरला सेंट लुइस येथे ब्राउन्स संघाविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. कॉबविषयी अढी असलेले ब्राउन्सचे व्यवस्थापक जॅक ओ’कॉनर यांनी तिसऱ्या बेसवरील नवख्या रेड कॉरिडनला बरेच मागे उभे राहण्यास सांगितले. परिणामी लॅजवेने एकामागून एक बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळच ढकलून) हिट मिळवले आणि दिवसअखेर त्याच्या नावावर आठ हिट जमा झाले. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी कॉबला ०.३८५ आणि लॅजवेला ०.३८४ अशी सरासरी देऊन कॉबला विजेता ठरवले. कंपनीने मात्र दोघांनाही गाड्या दिल्या. ओ’कॉनर यांची नोकरी गेली, आणि कॉरिडन केवळ आज्ञा पाळत होता म्हणून त्याला दोषमुक्त करण्यात आले.

सुमारे सात दशकांनी जुन्या नोंदी तपासताना असे आढळले की कॉबच्या एका सामन्यातील दोन हिट दोनदा मोजले गेले होते. ती चूक काढली की लॅजवे पुढे जातो. तरीही १९८१ साली बेसबॉल आयुक्त बोवी क्यून यांनी अधिकृत निकाल बदलण्यास नकार दिला. बंटसाठी मोकळी सोडलेली जागा दिसत असताना तिचा फायदा घेणे ही लॅजवेची लबाडी म्हणता येणार नाही. दोष ती जागा मोकळी सोडणाऱ्यांचा आहे. मात्र त्या दिवसाचे हिट खऱ्या लढतीतून आले नव्हते, म्हणून मी तो किताब त्यालाही मनापासून देऊ शकत नाही. त्याची थोरवी त्या एका दिवसावर अवलंबूनही नाही : २१ मोसम, ३,२००हून अधिक हिट आणि ०.३३८ची सरासरी एवढी त्याची कमाई आहे.

१९१५ साली तो पुन्हा मॅक यांच्या संघात परतला आणि १९१६नंतर मोठ्या लीगमधून बाहेर पडला. १९३७मध्ये त्याची हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीसाठी निवड झाली. १९३९ साली कूपर्सटाउन येथील उद्‌घाटनाच्या वेळी हयात सन्मानितांचे जे प्रसिद्ध छायाचित्र काढले गेले, त्यात मागच्या रांगेत लॅजवे उभा आहे आणि पुढे वृद्ध कॉनी मॅक बसलेले आहेत. कॉब त्या दिवशी उशिरा पोहोचल्यामुळे त्या छायाचित्रात नाही.